मीर होशीमसमोरची मोकळी जागा

नोर्मुरोद-अकांसारखा, म्हणजे नोर्मुरोद-दादांसारखा, खरा माणूस कुलोलोन मोहल्ल्यात दुसरा नाही, असं आमच्याकडे सगळेच म्हणत. त्यात कौतुक थोडं आणि वैताग जास्त होता. लग्नघरी वराच्या बापाने सहज विचारावं, "अका, पलोव कसा झालाय?" तर हे गृहस्थ घास नीट चावून, गिळून, विचार करून त्याला सांगणार, "गाजर जरा कच्चं राहिलंय." बापाचं तोंड उतरायचं. शेजारी बसलेली त्यांची बायको ओयसुलुव त्यांना कोपराने ढोसायची.

"अहो, तुम्हाला परीक्षक म्हणून बोलावलंय का? जेवा आणि दुवा द्या."

"त्यानं विचारलं, मी सांगितलं."

"त्यानं विचारलं म्हणजे त्याला छान म्हणून हवं होतं. एवढं लहान पोराला कळतं."

अकांना ते कधीच कळलं नाही. चित्रंही ते तशीच काढत, निदान सगळ्यांची समजूत तशी होती. जन्मभर त्यांनी एकच इमारत काढली, मीर होशीम मदरसा. तिची उंच दर्शनी कमान, डाव्या खांद्यावरचा पोपडा उडालेला निळा घुमट, कमानीच्या माथ्यावर करकोच्याचं विस्कटलेलं घरटं. समोरच्या चायखान्याच्या गच्चीवर एक मोडकं स्टूल त्यांच्यासाठी ठेवलेलं असे. तिथे ऊन कोवळं असेपर्यंत बसायचं, मग घरी. एकतीस वर्षं हाच क्रम. मदरशाची कुठली वीट कुठे फुटली आहे ते त्यांना स्वतःच्या दातांपेक्षा जास्त माहीत होतं. एका वसंतात पावसाने कमानीवरच्या अकरा निळ्या फरश्या पडल्या. अकांनी अर्ध्यावर आलेलं चित्र घेतलं आणि त्यातल्या अकरा फरश्या सुरीने खरवडून काढल्या. ताश्कंदहून आलेल्या एका गिऱ्हाइकाने म्हटलं, "राहू द्यायच्या की, उस्ताद, चांगल्या दिसत होत्या." अका म्हणाले, "पण नाहीत ना आता."

हे झालं मदरशाचं. मदरशाच्या पायाशी काय होतं ते मात्र अकांच्या कुठल्याच चित्रात नव्हतं, आणि तिथे होतो आम्ही. कुलोलोन म्हणजे कुंभारांची आळी. चाकं कधीच थांबली, नाव तेवढं राहिलं. मातीच्या भिंतींची चाळीसेक घरं मदरशाला बिलगून उभी होती, आणि अगदी कमानीखाली, डाव्या हाताला, होसियात-ओपाचं घर. ओपा म्हणजे ताई; ती अकांपेक्षा सहा-सात वर्षांनी मोठी. नवरा लवकर गेला, मुलगा रशियात कामाला. तंदुरात नान भाजून तिने संसार ओढला. सकाळी पहिली नान निघाली की ती गच्चीकडे तोंड करून हाक मारायची, अका वरून दोरीला बांधलेली टोपली सोडायचे आणि ओपा त्यात गरम नान ठेवून खालूनच तोफ डागायची.

"काय रे नोर्मुरोद, आज आम्हाला कुठे हाकललंस?"

"कुठे नाही, ओपा. तुम्ही आहात तिथेच आहात."

"तुझ्या चित्रात बघितलं मी. माझ्या घराच्या जागी गाढव उभं केलंयस. घर खाल्लंस ते खाल्लंस, निदान तंदूर तरी ठेवायचास. गाढवाला ऊब मिळाली असती."

सगळी गल्ली हसायची. अकाही हसायचे आणि नान तोडून खायचे.

चित्रातून घरं गाळायची ही सवय अकांना लागली त्याला एक कारण होतं. अका ताश्कंदच्या कलाशाळेतून शिकून आले तेव्हा तिशीत होते. शहराच्या कार्यालयाने मदरशाचं दोन मीटर रुंदीचं चित्र मागितलं, आणि त्यांनी सगळं काढलं. कमान काढली, विजेचा खांब काढला, ओपाची भिंत, तिच्या दोरीवर वाळणारे कपडेसुद्धा. त्यांचे जुने शिक्षक ताश्कंदहून बघायला आले. ते चित्रासमोर बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, "तुला वास्तू काढायला सांगितली होती. हे लेंगे कुणाचे आहेत?" खोलीतले सगळे हसले. अका हसले नाहीत. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही, आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी सुरी घेऊन खालचा सगळा मोहल्ला खरवडायला घेतला. नुसता वरून रंग फासणाऱ्यांतले ते नव्हते. खालच्या रंगाचा थर उंच राहिला तर वरची सावली खोटी दिसते, म्हणून पार पांढऱ्या अस्तरापर्यंत खरवडलं. मग पिवळ्या मातीत पांढरा मिसळून तिथे मोकळी जमीन घातली आणि त्या जमिनीवर कमानीची लांब सावली पाडली. सावली इतकी उत्तम उतरली की शिक्षकांनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. चित्र कार्यालयाच्या जिन्यात टांगलं गेलं. त्यानंतर अकांनी जी काही दोन-तीनशे चित्रं काढली, त्या सगळ्यांत ती मोकळी जमीन होती. गिऱ्हाइकांना तीच आवडे. काढता काढता अकांचा हात तिच्यावर इतका बसला की डोळे झाकून ती सावली पाडता यावी. त्यांना त्यात खोटं वाटत नसे. आपण मदरशाचं चित्र काढतो आणि मदरसा तंतोतंत काढतो, एवढंच त्यांच्या डोक्यात असे.

मग ते वर्ष आलं. शहराचं रूप पालटायचं ठरलं. जुन्या इमारतींभोवतीची दाटी काढून त्या पाहुण्यांना नीट दिसाव्यात, अशी वरून आज्ञा झाली. नियम असा सांगितला गेला की इमारतीबरोबरचं जे मूळचं असेल ते राहील, मागाहून चिकटलेलं असेल ते जाईल. आम्ही म्हणालो, मग आपल्याला काय भीती? आमच्या आज्यापणज्यांच्या हातची माती त्या भिंतींत आहे. मोहल्ल्याचे अक्सकाल, म्हणजे आमच्यातले जाणते पुढारी, कादिर-बोबो दाढीवरून हात फिरवून सगळ्यांना धीर देत फिरत होते. कागद मात्र कुणाकडेच नव्हते. मातीच्या घराचे कागद कोण करतो?

एप्रिलमधल्या एका सकाळी मदरशाच्या अंगणात सगळ्यांना बोलावलं. लाउडस्पीकर लावला होता. मध्ये एका लाकडी घोडीवर लाल कापड पांघरलेलं काहीतरी ठेवलं होतं. शहराच्या बांधकाम खात्याचा फझलिद्दीन नावाचा तरुण साहेब माइकपाशी उभा होता. हा आमच्याच शहरातला, नव्या वसाहतीतला पोरगा. त्याने कापड ओढलं आणि आत अकांचं जिन्यातलं चित्र निघालं. अंगणात, खऱ्या कमानीच्या खाली ते चित्र ठेवलेलं. लोकांनी आधी चित्राकडे बघितलं, मग वर कमानीकडे, आणि गर्दीतून एक कौतुकाचा आवाज उठला. मेहनत तशीच होती. फुटलेली वीट न् वीट जागेवर.

"नोर्मुरोद-अका, पुढे या," फझलिद्दीन म्हणाला.

अका गेले. त्यांच्या अंगावर दोघांनी मिळून भरजरी चोपोन चढवला. चोपोन म्हणजे आमच्याकडचा मानाचा लांब झगा. तो अंगावर येत असताना माणसाने काय करायचं हे आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उजवा हात छातीवर ठेवायचा, मान लववायची आणि बाह्या नीट बसेपर्यंत तसंच राहायचं. त्या वेळी बोलायचं नसतं. अकांनी हात छातीवर ठेवला, मान लववली. डोक्यावर टोपी आली. आणि त्याच वेळी पाठीमागून लाउडस्पीकर सांगत होता की उस्तादांनी अख्ख्या हयातीत एक वीटही मनाची काढलेली नाही हे सगळं शहर जाणतं. मदरशासमोर मुळात मोकळी जागा होती हे त्यांच्या हातानेच नोंदवून ठेवलेलं आहे, घरं मागाहून चिकटली, आणि आता उस्तादांच्या संमतीने ती मूळची मोकळी जागा शहराला परत मिळेल.

अका तसेच उभे होते. हात छातीवर, मान खाली.

शब्द कानांवर पडले, पण पोचायला वेळ लागला. खरं सांगायचं तर त्या घटकेला अका खूश होते. आयुष्यात पहिल्यांदा इतकी माणसं एकदम त्यांच्या चित्रासमोर उभी होती, आणि चित्र उन्हात काय झळकत होतं! आपण ती सावली किती अचूक पाडली आहे, एवढंच ते बघत होते. मान वर करेपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या. टाळ्या खात्याच्या लोकांच्या होत्या. आमच्यातल्या कुणी वाजवल्या नाहीत.

गर्दी पांगताना होसियात-ओपा समोर आली. मनगटापर्यंत पीठ, तशीच उठून आली होती.

"मुबारक असो, नोर्मुरोद," ती म्हणाली. "झगा शोभतो तुला."

एवढं बोलून ती गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी गच्चीकडे हाक आली नाही. अकांनी टोपली सोडली होती, ती तशीच लोंबत राहिली. मग त्यांनी ती वर ओढून घेतली.

घरी ओयसुलुवने चोपोन खुंटीवर टांगू दिला नाही. "तो तिथे दिसला तर मी जाळून टाकीन," ती म्हणाली. मग जरा शांत होऊन म्हणाली, "अहो, त्या चित्राच्या खाली आहेच ना आपला मोहल्ला? तुम्ही आधी काढला होता ना? मग वरचा रंग खरवडा आणि दाखवा त्यांना."

"नाही गं. मी सगळं काढून टाकलं होतं. अस्तरापर्यंत."

"का?"

"सावली नीट बसावी म्हणून."

ओयसुलुवने चोपोनची घडी घातली आणि ती त्यांच्या पुढ्यात टाकली.

अका फझलिद्दीनच्या कचेरीत गेले. चोपोनची घडी काखेत होती. परत द्यावा असं मनात होतं, पण दिलेला चोपोन परत करणं म्हणजे देणाऱ्याच्या तोंडावर थुंकणं, तेवढी त्यांची छाती झाली नाही. घडी मांडीवर ठेवून ते खुर्चीच्या कडेवर बसले.

"बेटा, ते चित्र खोटं आहे," ते म्हणाले. "तिथे घरं होती. मी काढली नाहीत."

फझलिद्दीन हसला. त्या हसण्यात वाईटपणा नव्हता, उलट जिव्हाळाच होता. "उस्ताद, माझ्या थोरल्या भावाच्या लग्नात तुम्ही माझ्या वडिलांना काय म्हणाला होतात, आठवतं? गाजर कच्चं आहे म्हणालात. दोनशे माणसांसमोर. वडील आठवडाभर जेवले नव्हते. तुम्ही, आणि खोटं काढणार?"

"काढलं. देवाशप्पथ काढलं."

"शेजाऱ्यांसाठी जीव तुटतो तुमचा, मला कळतं. तुमच्या जागी मीही हेच म्हणालो असतो."

"मी खरं सांगतोय, फझलिद्दीन!"

"मग दाखवा काहीतरी. एखादा फोटो असेल, कच्चं रेखाटन असेल. जुनं हवं, तारखेचं. आठ दिवस देतो. उस्तादांचा मान म्हणून, नाहीतर मला एक दिवसही द्यायची मुभा नाही."

मोहल्ल्यात फोटो शोधले गेले. फोटो होते, सगळे लग्नातले. आणि लग्नात आमच्याकडे दारावर, भिंतीवर भरतकामाच्या सुझन्या टांगतात. प्रत्येक फोटोत नवरानवरी आणि मागे सुझनी. दार कुठल्याच फोटोत नाही. सुझनीच्या वर असलीच तर कमान, तीही तुटलेली.

अकांनी आपल्या जुन्या वह्या काढल्या. माळ्यावर तीन पेटारे होते. त्यात एकेका फरशीचा अभ्यास, करकोच्याचा एकेक पंख. कमानीचं चित्र जिथे खाली संपे तिथे पेन्सिलीने काही चौकोन मारलेले होते, आणि प्रत्येक चौकोनात एकच अक्षर लिहिलेलं, 'मा'. मातीची घरं. 'मा', 'मा', 'मा'. दरवाजा नाही, खिडकी नाही. तीनही पेटारे अकांनी शेवटच्या वहीपर्यंत उलथले. एक घर काही निघालं नाही. ते एक खरवडलेलं चित्र सोडलं, तर एकतीस वर्षं रोज डोळ्यांसमोर असलेल्या चाळीस घरांपैकी आपण एकही घर कधी काढलं नाही. काढणं सोडाच, बघितलंसुद्धा नाही. अकांना स्वतःची किळस आली. ओयसुलुवने चहा आणून ठेवला, तो तसाच गार झाला.

मग त्यांनी ठरवलं की आता काढायचं. जुनं नाही तर नवं. प्रत्येक घर असं काढायचं की भिंतीचं वय बघणाऱ्याला दिसलं पाहिजे. गवताचा कोंडा घालून लिंपलेली माती शंभर वर्षांत कशी तडकते ते दाखवलं तर कुणीही शहाणा माणूस मानेल. गल्लीच्या दूरच्या टोकापासून सुरुवात केली. कादिर-बोबोंच्या घराला पूर्ण एक दिवस दिला. बोबो दारात बसून राहिले.

"मलाही काढतोस का यात?"

"नको बोबो, भिंत झाकली जाते."

"बघ बाबा. तुझ्या चित्रात आम्हा लोकांचं नशीब काही बरं नाही."

अकांनी मान वर केली नाही. पाच दिवसांत सहा घरं झाली. होसियात-ओपाचं घर त्यांनी शेवटी ठेवलं होतं. ते काय, डोळ्यांसमोरच आहे, पाठ आहे, अर्ध्या दिवसात होईल, असं ते ओयसुलुवला म्हणाले. आणखी एक कारण होतं, ते त्यांनी सांगितलं नाही. तिच्या दारासमोर बसायची त्यांना लाज वाटत होती.

सहाव्या दिवशी सकाळी यंत्रं आली. आठ दिवस म्हटलं होतं, पण आमच्या गल्लीत यंत्र शिरायला एकच वाट होती, चौकाकडून, आणि चौकाच्या बाजूचं पहिलं घर ओपाचं. अका सहा कागद घेऊन धावले. फझलिद्दीन डोक्यावर पिवळं हेल्मेट घालून उभा होता. त्याने कागद घेतले, एकेक नीट बघितला. हे मान्य केलं पाहिजे.

"काय सुरेख काढलीत," तो म्हणाला. "पण उस्ताद, ही आजची आहेत. आज इथे घरं आहेत हे आम्हाला माहीत आहे. म्हणून तर पाडतोय."

"तू आठ दिवस म्हणाला होतास."

"मी म्हणालो होतो. मला कुणी विचारलं नाही." त्याने आवाज खाली आणला. "आणि मनाला लावून घेऊ नका. तुमचं चित्र नसतं तर दुसरं काहीतरी सापडलं असतं. चित्र सापडलं ते बरं झालं, सगळ्यांना पटकन पटलं."

हे ऐकून अकांना हलकं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. दुसरं काहीतरी सापडलं असतं तर ते दुसऱ्या कुणाचं असतं.

ओपा बाहेर येऊन उभी होती. तिने आदल्या रात्रीचं पीठ वाया जाऊ नये म्हणून पहाटे शेवटचा घाणा भाजला होता आणि ती यंत्रावरच्या माणसांना गरम नान वाटत होती. त्यांनी मान खाली घालून ती खाल्ली. मग आपलं काम केलं. मातीच्या भिंतीला पडायला फार वेळ लागत नाही. इतकी धूळ उठली की काय कसं पडलं ते कुणालाच दिसलं नाही, आणि धूळ बसल्यावर खाली ढिगारा होता. महिनाभरात सगळी आळी गेली. अकांचं स्वतःचं घरही गेलं. चायखाना गेला, गच्ची गेली.

जून संपता संपता तिथे मोकळी, सपाट, पिवळट जमीन झाली. संध्याकाळी तिच्यावर कमानीची सावली पडायची. पाहुणे यायचे, बरोबर त्या जागी उभे राहून फोटो काढायचे. अका एकदाच बघायला गेले. सावली त्यांच्या चित्रातल्यासारखी पडलेली होती, एका बोटाचाही फरक नव्हता. ते तिथेच खाली बसले. ओयसुलुवने त्यांना दंडाला धरून घरी आणलं. त्यानंतर त्यांनी ब्रश धरला नाही.

आम्हाला शहराबाहेर पाच मजली इमारतींत जागा दिल्या. अका पहिल्या मजल्यावर, ओपा तिसऱ्या. तंदूर लावायला मनाई. ओपा दुकानातला पाव आणून खायची आणि प्रत्येक घासाला नावं ठेवायची. अकांशी ती बोलत नव्हती असं नाही. जिन्यात भेटली की "बरा आहेस ना?" म्हणायची. पण त्यांना हाकलण्यावरून, गाढवावरून तिने पुन्हा कधी चिडवलं नाही, आणि तेच अकांना सोसत नव्हतं. एखाद्या दिवशी तिने भर जिन्यात शिव्या घालाव्यात, असं त्यांना फार वाटे.

डिसेंबरमध्ये एका दुपारी ती स्वतःच दार वाजवून आली. बसली नाही.

"नोर्मुरोद, मला माझं दार काढून दे."

अकांना काही कळेना.

"दार रे. माझ्या घराचं. मोठं नको, एवढंसं," तिने हातांनी उशीएवढं माप दाखवलं. "समोरच्या भिंतीवर लावीन. सकाळी जाग आली की मला कळत नाही कुठल्या बाजूने बाहेर पडायचं. काल कपाटाचं दार उघडून उभी राहिले."

"काढतो, ओपा. आजच बसतो," अका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ओपा गेल्यावर ते घाईघाईने रंगाची पेटी शोधायला लागले. किती महिन्यांनी ओयसुलुवला त्यांच्या चालण्यात जीव दिसला.

कॅनव्हास ताणला, अस्तर दिलं, कोळशाने चौकट आखली. आणि हात थांबला. दाराला फळ्या किती होत्या? कडी उजव्या फळीवर की डाव्या? उंबऱ्यापुढे पायरी एक की दोन? अकांनी डोळे मिटले. कमान दिसली, लख्ख, एकेका विटेसकट. तिच्याखाली नजर नेली की पिवळी जमीन आणि सावली.

"ओयसुलुव, ओपाच्या दाराला पायऱ्या किती होत्या गं?"

"मला काय ठाऊक? मी ओपाशी बोलायला जायचे, पायऱ्या मोजायला नाही."

त्यांनी अंदाजाने काढलं. जन्मात पहिल्यांदा अंदाजाने काढलं. निळं दार, दोन फळ्या, एक पायरी, बाजूला द्राक्षाचा वेल. तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेले. ओपाने चष्मा लावला.

"निळं होतं, पण असं नाही. हा तुझ्या मदरशाचा निळा आहे. माझं दार उडालेल्या रंगाचं होतं. आणि वेल या अंगाला."

अका परत आले, रंग उतरवला, वेल दुसऱ्या अंगाला नेला. ओपा म्हणाली, पायऱ्या दोन होत्या, खालची झिजलेली. त्यांनी दोन केल्या. मग ओपा म्हणाली, कडी नव्हती, साखळी होती. साखळी काढली. दर खेपेला ती जरा जास्त वेळ बघायची आणि जरा कमी बोलायची. चौथ्या खेपेला अका रंग ओला असतानाच घेऊन गेले. ओपा पलंगाच्या कडेला बसून होती. तिने चित्र मांडीवर घेतलं, बघितलं, डोळे मिटले. पुन्हा उघडून बघितलं, पुन्हा मिटले.

"जमलं का, ओपा? काय राहिलं ते सांगा. मी करतो."

"आता नको रे करू."

"का? बरोबर आहे?"

"ते मला कसं कळणार आता?" ओपा म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. "आधी डोळे मिटले की माझं दार दिसायचं मला. रोज दिसायचं. म्हणून तर सांगता येत होतं, असं नाही, तसं होतं. आता डोळे मिटले की हे दिसतं. तुझं. वेल कुठल्या बाजूला होता ते तू विचारलंस तर आता मला खरंच सांगता येणार नाही."

अकांनी चित्र घ्यायला हात पुढे केला. "द्या इकडे, ओपा. मी घेऊन जातो. पुसून टाकतो."

"पुसून काय होणार?" तिने चित्र सोडलं नाही. "राहू दे. दुसरं आहे काय माझ्याकडे?"

ती उठली, खणात हात घालून बराच वेळ चाचपडत राहिली आणि एक वाकडा खिळा काढून तिने अकांच्या हातात दिला. तिने दाखवलेल्या जागी अकांनी तो भिंतीत ठोकला आणि चित्र टांगलं.